रंजनाबाईंचा चार्ज

रंजनाबाई गेल्या. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे आपापल्या गावी परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी कमोडोर किसन रोकडे यांनी वहीतलं एक पान फाडलं, त्यावर ‘घराचा चार्ज मिळालेला नाही’ असं लिहून खाली तारीख घातली आणि पान फ्रीजला चिकटवलं. मग बेडरूममधली आपली उशी काखेत मारून ते हॉलमधल्या दिवाणावर राहायला आले.

त्यांचं म्हणणं सरळ होतं. नौदलात जुना अधिकारी जाताना नव्याला चार्ज देतो. म्हणजे एकेक वस्तू दाखवतो, चाव्या देतो, कुठलं दार अडकतं आणि कुठला माणूस कामचोर आहे ते सांगतो. मग दोघं सही करतात. सही झाली की जुना मोकळा. सही झाली नसेल तर जुना अधिकारी कामावरच धरायचा, मग तो कुठेही असो.

रंजनाबाईंनी काहीच दाखवलं नव्हतं. फेब्रुवारीतल्या एका दुपारी मटार सोलता सोलता त्यांच्या छातीत दुखायला लागलं. रिक्षात बसताना त्या म्हणाल्या, “मटार झाकून ठेवा.” संध्याकाळी सातला डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी मान हलवली. याला चार्ज देणं म्हणत नाहीत.

म्हणजे नियमाने रंजनाबाई अजून ड्युटीवर होत्या. आणि किसनरावांनी ज्या दिवशी सही केली, त्या दिवसापासून त्या नसणार होत्या. हे दुसरं वाक्य त्यांनी पानावर लिहिलं नव्हतं, पण सगळा खटाटोप त्याच्यासाठीच चालला होता.

हा हट्ट म्हातारपणाचा नव्हता, नोकरी लागल्यापासूनचा होता. अंबरनाथच्या दारूगोळा कारखान्यातल्या एका टर्नरचा हा मुलगा एकाहत्तर साली सब-लेफ्टनंट झाला. डिसेंबरात त्याची नेमणूक एका रसदवाहू जहाजाच्या भांडारावर झाली. लेफ्टनंट सूदकडून चार्ज घ्यायचा होता. मोजणी अर्ध्यावर आली आणि युद्ध सुरू झालं. जहाज दोघांना घेऊनच बंदराबाहेर पडलं. यादीत लिहिलं होतं, ‘शिडी, लाकडी, बारा पायऱ्यांची.’ किसनने मोजल्या तर अकरा भरल्या. त्याने सही करायला नकार दिला. सूद म्हणाला, मी चार्ज दिला. किसन म्हणाला, मी घेतला नाही. त्यामुळे भांडाराला कुणीच धनी उरला नाही आणि कुलूप उघडेना. युद्धाचे पहिले चार दिवस जहाजावर लोणचं मिळालं नाही. शेवटी कॅप्टनने त्याला बोलावलं.

“रोकडे, पाणतीर लागला तर शिडीसकट बुडू आपण!”

“होय सर. पण बुडालेल्या सामानाच्या यादीत बारा पायऱ्या लिहायच्या का अकरा, ते ठरवावं लागेल.”

कॅप्टनने सुताराला बोलावून बारावी पायरी ठोकून घेतली. किसनने सही केली. लोणचं आलं. युद्ध अजून नऊ दिवस चाललं. त्यात त्याने आकाश लाल झालेलं पाहिलं, पाण्यातून वर ओढलेली माणसं पाहिली, पण त्याबद्दल तो घरी कधी बोलला नाही. विचारलं तर शिडीची गोष्ट सांगायचा.

शांततेच्या काळात असा माणूस सोन्याच्या मोलाचा ठरतो. न मोजता सही न करणारा अधिकारी म्हणून किसनराव चढत चढत कमोडोर झाले. सव्वीस वर्षांत चौदा घरं बदलली. प्रत्येक घराचा चार्ज आधीच्या अधिकाऱ्याच्या बायकोकडून रंजनाबाईंनी घेतला. तोही चहा पिता पिता, तोंडी. कारगिलच्या वेळी किसनरावांकडे मुंबईला सुट्या भागांचं भांडार होतं. एका युद्धनौकेला तातडीने पंप हवा होता आणि फॉर्मची तिसरी प्रत हरवली होती. नौकेचा कॅप्टन दारात उभा राहून शिव्या देत होता. किसनरावांनी घरी फोन लावला.

“अहो, द्या तो पंप,” रंजनाबाई म्हणाल्या. “परत आणून देतील की. समुद्रात कुठे विकणार आहेत?”

कागदाशिवाय त्यांनी दिलेली ती एकच वस्तू. तीन महिन्यांनी पंप परत आला, सोबत नारळ. तो नारळ त्यांनी आवक वहीत चढवला.

निवृत्तीनंतर ते आपल्या मुलखात, बदलापूर पूर्वेला शिरगावात राहायला आले. सोसायटीचं नाव ‘सागर दर्शन’. गच्चीवरून डोंगर दिसतात, फ्लॅटविक्रीचे फलक दिसतात, टाक्या दिसतात. समुद्र पन्नास किलोमीटर लांब. रंजनाबाईंनी नाव वाचलं आणि खो खो हसत तिथेच बयाणा दिला.

तर आता त्या घरात किसनराव पाहुण्यासारखे राहत होते. स्वयंपाकघरात जायचं तर दारात थांबून “येऊ का?” विचारायचे, मनातल्या मनात पाच आकडे मोजायचे आणि आत जायचे. कपाट उघडायचे नाहीत. दिवाणाखाली चार सदरे आणि दोन पायजमे ठेवले होते, तेवढ्यावर भागवायचे. मार्चच्या शेवटी गॅस संपला. सिलिंडर रंजनाबाईंच्या नावावर. गाडी दारात आली की ओटीपी त्यांच्या फोनवर येणार आणि फोन टेबलावर चार्जिंगला लावलेला. किसनराव तो रोज पुसायचे, पण उघडायचे नाहीत. अधिकारी कामावर असताना त्याच्या टपालाला हात लावायचा नसतो. सिलिंडरवाला दोनदा आला आणि दोनदा भरलेलं सिलिंडर चार मजले उतरवून घेऊन गेला. दुसऱ्यांदा तो जिन्यातून जे बोलला, ते सगळ्या विंगने ऐकलं.

एप्रिलमध्ये सेक्रेटरी विकास शिर्के फॉर्म घेऊन आला.

“काका, फ्लॅट काकूंच्या नावावर आहे. नॉमिनी तुम्ही. फक्त सही मारा, ऑडिटरने डोकं खाल्लंय माझं.”

“चार्ज मिळाल्यावर बघू.”

“कोण देणार चार्ज?”

“जिच्याकडे आहे ती.”

विकासने फ्रीजवरचं पान वाचलं, किसनरावांकडे पाहिलं, आणि आवाज न करता चप्पल घातली.

घरात रोज येणारी एकच व्यक्ती होती, पुतळी. बारवीकडच्या वाडीवरची, चाळिशीतली बाई. टमटमने यायची, तीन घरांची कामं करायची. रंजनाबाईंकडे ती चौदा वर्षं होती. गॅस संपल्यापासून ती शेजारच्या वेणूबाईंच्या शेगडीवर भाकऱ्या भाजून आणत होती आणि मोठ्याने कुरकुरत होती.

“सायेब, फ्रीजमधल्या मटाराला आता केस फुटलेत. टाकू?”

“नाही. तो तिचा शेवटचा हुकूम आहे.”

“हुकूम झाकायचा व्हता. ठेवायचा नाय.”

मग पुण्याहून प्रीतीचा फोन आला. प्रीती म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, बँकेत मॅनेजर. विकासने तिला सगळं कळवलं होतं.

“बाबा, मी रविवारी येतेय. घर असंच असेल तर तुम्हाला पुण्याला घेऊन जाणार. फ्लॅट भाड्याने देऊन टाकू.”

“ते मला ठरवता येणार नाही. घराची अधिकारी तुझी आई आहे.”

“आई ड्युटीवर नाहीये, बाबा.”

“मग तिला रिलीव्ह कुणी केलं?”

मग प्रीती म्हणाली, “रविवारी. बॅग भरून ठेवा.”

तो गुरुवार होता. किसनराव पंख्याखाली बसून राहिले. बाहेर बदलापूरचं एप्रिलचं ऊन, कुत्रीसुद्धा गाड्यांखाली शिरलेली. चार्ज घ्यावा तर रंजना जाते, न घ्यावा तर घर जातं, आणि घर गेलं की तिची ड्युटी तरी कुठे उरली? चौदा घरं त्यांनी हसत सोडली होती. हे पंधरावं सोडवत नव्हतं.

पुतळी लादी पुसता पुसता थांबली. फोनवरचं अर्धं तिने ऐकलं होतं, उरलेलं ओळखलं होतं.

“सायेब, एक सांगू? चार्ज बाईंकडे नाय.”

“मग?”

“माझ्याकडे हाय.”

किसनरावांनी पंखा बंद केला, म्हणजे नीट ऐकू येईल.

“दोन वर्सांमागं बाईंच्या गुडघ्यांचं आपरेशन झालं. अकरा दिवस त्या हास्पिटलात. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी मना सगळं दाखवलं. डबे, चाव्या, दूधवाला, लाइटचं बिल, तुमी. दोन तास बोलत व्हत्या. मी म्हनलं, बाई, ध्यानात राहायचं नाय. तर परत बोलल्या पहिल्यापासून.”

“पण ती परत आली. परत आल्यावर चार्ज परत घेतला असणार.”

“नाय ना! मी म्हनलं, बाई, आता तुमचं तुमी बघा. तर म्हनल्या, राहू दे गं तुझ्याकडंच. मना जरा बसू दे.”

किसनराव उभे राहिले. त्यांच्यासमोर घराची प्रभारी अधिकारी उभी होती आणि ते गेले अडीच महिने तिला लादी पुसायला लावत होते.

“म्हणजे दोन वर्षांपूर्वीच ती रिलीव्ह झाली.”

“व्हय.”

“मग दोन वर्षं काय करत होती?”

“तीन वाजले की स्कूटर काढायच्या. तुमाला म्हनायच्या, विहारात चालले. जायच्या चिखलोलीच्या धरणावर. भजी घ्यायच्या, पाणी बघत बसायच्या. कधी मना मागं बसवून न्यायच्या. म्हनायच्या, सायेबांनी समुद्र बघितला, माझ्या वाटणीला एवढं आलं, पण हे आपलं आपलं हाय. मी म्हनलं, बाई, गुडघे नवे हायेत, जपा. तर म्हनल्या, नवे हायेत म्हणून तर वापरून घेते.”

किसनराव खाली बसले. दोन वर्षं त्यांची बायको त्यांच्यासमोर बसून दोन वेळा जेवत होती, आणि तिची नोकरी संपलीय हे त्यांना कळलं नव्हतं. शिडीची एक पायरी कमी असलेली कळली होती.

“मला का नाही सांगितलं?”

“तुमी विचारलं असतं, लेखी कुठाय.”

हे खरं होतं. त्यांना आधी रडू आलं आणि मग, कशी कोण जाणे, मान ताठ झाली. त्यांनी वही काढली. “बाई,” ते म्हणाले. चौदा वर्षांत पुतळीला त्यांनी पहिल्यांदा बाई म्हटलं. “चार्ज द्या. उद्या सकाळी आठला सुरू करू.”

“आठला शिर्क्यांकडे भांडी हायेत.”

“मग नऊला.”

शुक्रवारी नऊला सुरुवात झाली. पुतळी आत आली की किसनराव उभे राहत. ती म्हणायची, “बसा हो, पायात येता.” ती दाखवत होती, ते लिहीत होते. कुकर दोन, मोठ्याची शिट्टी उडते, वर फडका ठेवायचा. दूधवाला चांगो शनिवारी पाणी घालतो, त्याला बोलायचं नाही, नुसतं भांड्यात बघत उभं राहायचं. कढीपत्त्याला बुधवारी ताक.

“वेणूबाई साखर मागायला येतात. साखर नको असती, बोलायचं असतं. भात शिजेस्तोवर बसवायच्या.”

“भात कुणाचा?”

“आपला. त्यांचा शिजलेला असतो.”

फोनची वेळ आली तेव्हा किसनरावांनी पेन खाली ठेवलं. “हा उघडायचा नंबर तिने तुला दिलाय?”

“तुमी रिटायर झाला ते साल. म्हनायच्या, त्या सालापासून माझी नोकरी डबल झाली.”

दोन, शून्य, शून्य, तीन. फोन उघडला. चारशे बारा संदेश. बहुतेक गॅसवाल्याचे. शनिवारी सिलिंडर आलं. ओटीपी सांगताना किसनरावांनी तो दोनदा वाचून दाखवला आणि सिलिंडरवाल्याकडून परत म्हणवून घेतला. तो बिचारा काही बोलला नाही. गेल्या दोन वेळेचं सगळं जिन्यातच बोलून झालं होतं.

रविवारी सकाळी प्रीती आली, तर दार उघडं, हॉलमध्ये टेबल, टेबलावर वही, आणि पुतळी खुर्चीवर बसून चहा पितेय.

“हे काय चाललंय?”

“बस,” किसनराव म्हणाले. “माल बाद करायचा आहे. समितीत तीन जण लागतात.”

मटाराचा डबा मध्ये ठेवला होता. नौदलात कुजलेलं सामान असंच फेकता येत नाही. तिघांनी बघून एकमत करावं लागतं. प्रीतीने झाकण उघडलं. आत हिरवं काही राहिलं नव्हतं, करडं मऊ काहीतरी होतं. आईने अर्धा किलो मटार घेतले होते. बाबांना मटारभात आवडतो. प्रीतीने झाकण परत लावलं.

“बाद,” ती म्हणाली.

“बाद,” पुतळी म्हणाली.

किसनरावांनी झाकण नीट बसलंय का ते बोटाने तपासलं. “बाद,” ते म्हणाले, आणि लिहिलं.

“आता शेवटचं,” पुतळीने कप खाली ठेवला. “एक सायेब.”

“काय?”

“बाईंच्या यादीत व्हते तुमी. चाव्यांच्या नंतर. लिवा. वय तवा त्र्याहत्तर, आता पंच्याहत्तर. डावा कान कमी. चहात साखर नको म्हनतात आणि डब्यातली चोरून खातात. डबा वरच्या फळीवर ठेवायचा. तरी खुर्चीवर चढतात, म्हणून खुर्ची पण आत घ्यायची.”

“हे चूक आहे,” किसनराव म्हणाले.

“बरोबर आहे,” प्रीती म्हणाली.

“रागावले की खरं कारण दोन तासांनी सांगतात. तवर जेवण झाकून ठेवायचं. डिसेंबर लागला की झोपेत वरडतात, ओढा, ओढा म्हनून. उठवायचं नाय. पायावर हात ठेवायचा, गप होतात.”

किसनरावांचं पेन थांबलं. पाण्यातल्या माणसांबद्दल ते कुणाला बोलले नव्हते. कुणाला बोलायची गरजच पडली नव्हती, ते त्यांना आता कळलं.

“पण तिचं ऑपरेशन डिसेंबरातच होतं,” ते हळूच म्हणाले. “त्या अकरा दिवसांत माझ्या पायावर हात होता. मला आठवतंय.”

पुतळीने पदर सारखा केला. “मी मुक्कामाला व्हते, पन मी कसा ठेवणार हात? मालकाला घेऊन आलते. त्याने ठेवला. चार वेळा.”

प्रीतीला हसू आवरेना. तिने तोंडावर ओढणी दाबली. पुतळीचा मालक, म्हणजे तिचा नवरा नाथा, याच सोसायटीचा वॉचमन. तो रोज किसनरावांना कडक सलाम ठोकायचा आणि अकरा दिवसांबद्दल कधी एक शब्द बोलला नव्हता.

“ही वस्तू मला घेता येणार नाही,” किसनराव वही मिटत म्हणाले. “स्वतःचा चार्ज स्वतः घेत नाहीत. तसा नियम नाही.”

“मग प्रीतीताईंना देऊ? त्या पुण्याला नेतात म्हनल्या.”

प्रीती हसायची थांबली. तिने बाबांकडे पाहिलं, मग भिंतीशी भरून ठेवलेल्या बॅगेकडे. “मी सही करायला तयार आहे,” ती म्हणाली. “पण मी डबा वरच्या फळीवर ठेवणार नाही, कुलपात ठेवणार. आणि हात ठेवायला पुण्यात कुणी नाथा नाही. तुम्ही सांगा, बाबा.”

किसनराव हॉलभर नजर फिरवत बसले. सही केली की रंजना गेली, हे अजूनही तसंच होतं. पण ती दोन वर्षं आधीच गेली होती, धरणावर, भजी खायला. तिची सुटी झाली होती आणि ते तिला अडीच महिने परत कामावर ओढत होते. मेल्यावर सुद्धा.

त्यांनी वही उघडली. ‘एक साहेब’ या ओळीपुढे लिहिलं, ‘तपासला. यादीत सांगितल्याप्रमाणे आढळला. घेतला.’ खाली सही केली. पुतळीने सावकाश, एकेक अक्षर लावत आपलं नाव लिहिलं.

“झालं?” प्रीतीने विचारलं.

“नाही. ती अजून निघायची आहे.”

नौदलात एक रीत आहे. मोठा अधिकारी चार्ज देऊन निघाला की त्याची गाडी सुरू करत नाहीत. हाताखालचे लोक दोर बांधून ती फाटकापर्यंत ओढत नेतात. किसनराव निवृत्त झाले तेव्हा त्यांची जीप अशी ओढली होती.

विकासने टाकी साफ करायचा दोर दिला. का पाहिजे ते ऐकल्यावर तो म्हणाला, “काका, मीटिंग आहे माझी,” आणि मग दोराचं दुसरं टोक स्वतःच धरलं. रंजनाबाईंच्या स्कूटरवरची धूळ पुसली. हॅन्डल प्रीतीने धरलं. पुढे किसनराव, पुतळी, विकास आणि साखर मागायला निघालेल्या वेणूबाई. गॅलऱ्यांमध्ये माणसं जमली. कुणीतरी वरून ओरडलं, “पेट्रोल संपलं काय?” “किक मारून बघा!” कुणीतरी सुचवलं. दोर खांद्यावर घेऊन किसनराव पावलं मोजत चालले होते.

फाटकाबाहेर स्कूटर आली. नाथाने सलाम ठोकला. दोर सैल पडला. सगळे उभे राहिले.

“आता?” पुतळी म्हणाली.

आता काय, ते नौदलात कधी ठरवावं लागत नाही. फाटकाबाहेर अधिकारी गाडी सुरू करतो आणि आपल्या घरी जातो. मागून एक रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला.

“अरे आंटी, साइड द्या ना! क्या बारात है क्या?”

किसनराव स्कूटरकडे बघत राहिले. मग नाथाकडे वळले. “पाहुण्यांची वही दे.”

नाथाने टेबलावरची वही दिली. किसनरावांनी रकाने नीट वाचले आणि उभ्या उभ्या भरले. नाव, रंजना रोकडे. वाहन, स्कूटर. कुणाकडे, किसन रोकडे, चौथा मजला. काम, भेट. येण्याची वेळ, अकरा वाजून दहा मिनिटं.

“साहेब, जायची वेळ पण लिहावी लागते,” नाथा म्हणाला. “नाहीतर सेक्रेटरी ओरडतात.”

“ओरडू दे,” विकास म्हणाला.

किसनरावांनी तो रकाना कोरा ठेवला. मग हॅन्डल प्रीतीच्या हातातून स्वतःकडे घेतलं आणि स्कूटर ढकलत फाटकातून आत आले.